अक्काच्या नंबरावर

माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि अक्षरही वाकडंतिकडं येतं. ओळ उजवीकडे जाताजाता खाली घसरते. त्याबद्दल आधीच माफी मागते. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी कधी कुणाच्या हाती लागलीच तर त्याने वाचताना कंटाळू नये. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि मला तिथं पाठवायचं की नाही यावर घरात बोलणंसुद्धा झालं नाही. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. लिहायचं कारण एवढंच की ही हकिकत मला तोंडाने नीट सांगता येत नाही. एकदाच सांगितली, आणि त्याचं काय झालं तेच लिहायचं आहे.

अक्का ही माझी सख्खी मोठी बहीण आणि जाऊसुद्धा. निलंग्याकडच्या आमच्या गावात दोघींची लग्नं एकाच मांडवात, दोघा सख्ख्या भावांशी झाली. पुढे दोन्ही बिऱ्हाडं लातूरला आली. दोघे भाऊ अडत बाजारात हमाली करायचे आणि अक्का एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये तुरीची डाळ निवडायला जायची. काही वर्षांनी अक्काच्या नवऱ्याला पाठीमुळे ओझं उचलता येईना. त्याला नांदेडला एका गोदामावर राखणदाराचं काम मिळालं आणि त्यांचं बिऱ्हाड तिकडे गेलं. जायच्या आदल्या दिवशी अक्का मला मिलमध्ये घेऊन गेली आणि उद्यापासून माझ्या जागी ही येईल, असं तिने मुकादमाला सांगितलं.

मुकादम वयस्कर होता. सगळ्या बाया त्याला मामा म्हणायच्या. त्याने एकदा अक्काकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

"नवं नाव लावायचं म्हंजे फोटो आला, कागदं आली, विम्याचं कार्ड आलं," तो म्हणाला. "कामून कुटाणा करता? अक्काचा नंबर हाय, तोच चालवा. तोंड बी सारखंच हाय."

तो मेहेरबानी करत नव्हता. मिलमध्ये रीतच तशी होती. कुणाचं बाळंतपण आलं, कुणाच्या माहेरी लग्न निघालं, कुणी सुगीला गावी गेलं, तर तिच्या घरातली दुसरी बाई तिच्या नंबरावर यायची. सासूचा नंबर सुनेकडे गेलेला मी बघितला आहे. वावराची वहिवाट असते तशी आमच्यात नंबराची होती. पट्ट्यासमोर दोन हात पाहिजेत, ते कुणाचे याला महत्त्व नव्हतं. मामाच्या हजेरीत चूक झाली तर तो पेन्सिलीने खोडून दुसरं लिहायचा. पगार रोख मिळायचा. त्यातून विम्याचे थोडे पैसे कापले जायचे आणि पगाराच्या कागदावर मी अक्काच्या नावाची सही करायची.

मिलमध्ये मला सगळ्याजणी अक्काच्याच नावाने हाक मारायच्या. पहिले काही दिवस मला ते आपल्याला म्हणतात हे कळायचं नाही. नंतर सवय झाली. मी कमी बोलणारी आहे. माझं खरं नाव वेगळं आहे हे कुणाला सांगायची वेळ आली नाही, आणि आली असती तरी मी सांगितलं नसतं. अशी सात वर्षं गेली.

काम असं होतं. सरकत्या पट्ट्यावरून डाळ पुढे जायची. तिच्यातला खडा, काळा दाणा आणि फुटायचा राहिलेला गोटा आम्ही दोन्ही हातांनी उचलून बाजूला टाकायचो. पुढे रंग बघून दाणे निवडणारं यंत्र आलं तेव्हा निम्म्या बाया कमी झाल्या. मी राहिले, कारण यंत्रातून सुटलेलं शेवटी हातानेच काढावं लागायचं.

मग एका वर्षी परदेशी तुरीचे कट्टे आले. पोत्यांवर इंग्रजी अक्षरं होती. ही आफ्रिकेतून बोटीने आली आहे, असं मामाने सांगितलं. दाणा बारीक, तांबूस, आणि खडा जवळजवळ नाहीच. आम्ही रिकाम्या हातांनी पट्ट्याकडे बघत बसलो. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "तिकडच्या बायांनी आधीच निवडून धाडली वाटतं. आता आपण काय निवडायचं, एकमेकींच्या उवा?" सगळ्या हसल्या. काम हलकं झालं म्हणून आम्हाला त्या तुरीचं बरंच वाटलं होतं.

पुढे ते कट्टे यायचेही थांबले. बंदरावर उतरलेली तूर बंदराजवळच्याच मिलमध्ये भरडली जाऊ लागली. ती डाळ लातूरच्या दुकानात आमच्या डाळीपेक्षा कमी भावात मिळायला लागली. मिल आठवड्यातून तीन दिवस चालू लागली, मग दोन दिवस. एका सकाळी मालक स्वतः फाटकात उभा राहिला आणि म्हणाला की भाव निघत नाही, मी थांबतो. तूर आमच्याच शिवारात पिकते, मिल इथेच आहे, तरी बाहेरची डाळ स्वस्त कशी पडते हे मला अजून नीट समजलेलं नाही. त्या दिवशीही कुणी विचारलं नाही. आम्ही डबे उचलून परत आलो.

महिन्याभराने मामाचा निरोप आला की सरकारी माणसं मिलच्या फाटकाशी टेबल मांडून बसणार आहेत. सगळ्याजणी गेलो. त्यांनी सांगितलं की ज्यांच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जात होते आणि मिल बंद झाल्यामुळे ज्यांचं काम गेलं, त्यांना तीन महिने अर्धा पगार मिळेल. शिवाय बायांसाठी एक महिन्याचं शिलाईचं प्रशिक्षण, रोजचा भत्ता, आणि शेवटी प्रमाणपत्र. त्याच महिन्यात माझ्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची होती. बाजारात माल कमी येत असल्याने नवऱ्याची हमाली अर्ध्यावर आली होती. तीन महिन्यांचा अर्धा पगार म्हणजे मुलीची फी. माझ्या दृष्टीने त्या मदतीचा अर्थ एवढाच होता.

विम्याचे पैसे माझ्या पगारातून सात वर्षं कापले गेले होते, पण कार्ड अक्काचं होतं. दुसऱ्याच्या नंबरावरच्या आम्ही पाच-सहाजणी होतो. बाकीच्यांची मूळ नावाची बाई घरातच होती, कुणाची सासू, कुणाची नणंद. माझीच तेवढी नांदेडला. मी फोन केला.

"हाव, येते की," अक्का म्हणाली. "पैका तुझाच हाय बारके, नाव तेवढं माझं."

ती सकाळच्या एसटीने आली. आम्ही ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदाराने अक्काची सही घेतली, मिलने दिलेल्या पगाराच्या कागदाच्या झेरॉक्सवर धरून बघितली आणि दोन सह्या जुळत नाहीत, असं म्हणाला. अक्का हसली.

"मग हिलाच करू द्या बाबा. सात वर्षं माझी सही हीच करून राहिली."

त्याला ती थट्टा वाटली. तोही हसला आणि म्हणाला, राहू द्या मावशी, अंगठा लावा. अक्काचा अंगठा लगेच जुळला. पैसे तिच्या खात्यावर येणार होते.

पहिल्या महिन्याचे पैसे आले तेव्हा अक्का स्वतः घेऊन आली. रुमालात बांधलेले, एक रुपया कमी नाही. एसटीचं तिकीटसुद्धा तिने त्यातून काढलं नव्हतं. मी देऊ लागले तर रागावली. ते पैसे मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात भरले. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून अक्काबद्दल कुणाचा गैरसमज होऊ नये.

दुसऱ्या महिन्याचे पैसे आले पण माझ्याकडे पोचले नाहीत. पंधरा दिवस वाट बघून नवऱ्याने फोन लावून माझ्या हातात दिला. अक्काने सांगितलं की वादळात घरावरचे पत्रे उडाले, पैसे तिकडे लागले, तुझे कुठं जात नाहीत. मी बरं म्हटलं. एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारणं मला जमत नाही.

तेवढ्यात प्रशिक्षणाची यादी लागली. तिच्यात अक्काचं नाव होतं. जो गैरहजर राहील त्याचा तिसरा महिना अडेल, असं मामाने कुठूनतरी ऐकलं होतं. खरं-खोटं कुणी तपासलं नाही. अक्काला महिनाभर नांदेडहून येणं शक्य नव्हतं. मिलसारखंच इथेही असेल असं मला वाटलं. मशीनसमोर दोन हात पाहिजेत, मी जाते.

हॉलच्या दारात अंगठा लावायचं यंत्र होतं. मी अंगठा लावला, तांबडा दिवा लागला. पुसून लावला, पुन्हा तांबडा. मागे रांग खोळंबली. मिलमधलीच एक बाई पुढे येऊन हजेरी घेणाऱ्या सरकारी मॅडमना म्हणाली, "डाळ निवडून निवडून ठसे झिजले हो तिचे. आमचं बी कधी कधी होतं." मॅडम तरुण होत्या, बोलायला गोड. त्या म्हणाल्या की असं होतं, काळजी करू नका, मी हजेरी हाताने लावते.

म्हणजे मी सुटले होते. हे मी नीट लिहिते, कारण नंतर सगळ्यांनी मला हेच विचारलं की सुटली होतीस तर बोललीस कशाला.

मॅडमनी वहीत अक्काचं नाव लिहिलं. मग त्या सगळ्यांना समजावून सांगू लागल्या की महिन्याने जे प्रमाणपत्र मिळेल ते जपून ठेवा, त्यावर तुमचं नाव असेल, ते दाखवून कर्ज मिळतं, काम मिळतं. मी मशीनसमोर बसले. पाय पायडलवर ठेवला. सात वर्षं डाळ निवडली ती अक्काच्या नावावर, आता शिलाईही तिच्याच नावावर शिकायची, असा विचार मनात आला. वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. हिशेब जुळत नाही, असं वाटलं. मी उठून मॅडमच्या टेबलाजवळ गेले.

"मॅडम, हे नाव माझ्या बहिणीचं आहे. काम मी केलं."

मला वाटलं होतं, त्या एक नाव खोडतील आणि दुसरं लिहितील. मामा करायचा तसं. माझी चूक झाली ती एवढीच.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला बाहेर व्हरांड्यात नेलं. सगळं विचारून घेतलं.

"मावशी, हे तुम्ही मला सांगायला नको होतं," त्या म्हणाल्या. "आता मला लिहावं लागेल."

पुढच्या महिन्यात नांदेडला अक्काच्या नावाने पत्र गेलं. त्यात लिहिलं होतं, ज्या नोकरीवर तुम्ही नव्हता, ती गेल्याची मदत तुम्ही घेतली, दोन्ही महिन्यांचे पैसे परत करा, तिसरा महिना मिळणार नाही. मॅडमनी मला वेगळं बोलावून सांगितलं की खरं काम तुम्ही केलं असं मालकाने लिहून दिलं तर तुमच्या नावाने नवा अर्ज करता येईल. मी नवऱ्याला घेऊन मालकाकडे गेले. त्याने खुर्ची दिली, चहा दिला. मग शांतपणे म्हणाला की असं लिहून दिलं तर मी इतकी वर्षं कुणाचा विमा भरत होतो हे ते मला विचारतील. मिल तर गेलीच, आता मला कोर्टात उभं करता का? मामाही तिथंच होता. तो माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघत राहिला. मला त्याचा राग आला नाही. त्यालाही त्याच मालकाकडून उरलेला पगार यायचा होता.

अशा तऱ्हेने जिच्या नावावर काम होतं तिने काम केलं नव्हतं, आणि जिने काम केलं होतं तिचं नाव कुठेच नव्हतं. मदत दोघींनाही मिळाली नाही.

नांदेडला मी एकटी गेले. अक्काने दार उघडलं, पाण्याचा तांब्या दिला, मी पिईपर्यंत थांबली. पत्र तिने देवाच्या फोटोमागे ठेवलं होतं. ते काढून माझ्यासमोर टाकलं.

"जन्मभर तोंड उघडलं न्हाईस," ती म्हणाली. "बापानं शाळेतून काढली तवा न्हाई. लग्नात इचारलं तवा न्हाई. आन उघडलंस कुठं, तर सरकारी माणसापुढं, माझ्या नावावर."

मी पत्र उचलून वाचलं.

"मी चोर ठरले बारके. आता तूच सांग, चोरी कुणी केली? काम तू केलंस. नाव मी दिलं. पैका तुझा तुला आणून दिला. मग चोर कोण?"

परत करायला एवढे पैसे ती कुठून आणणार, तिच्या नवऱ्याचा पगार किती, हेही ती बोलली. पत्र्यांवर गेलेल्या दुसऱ्या महिन्याच्या पैशांचं तिने स्वतःहून काढलं नाही, मीही काढलं नाही. मग तिने भाकरी टाकली. आम्ही जेवलो. वाढताना दोनदा विचारलं, पण ते कुणालाही विचारतात तसं. संध्याकाळच्या गाडीने मी परत आले. त्यानंतर सात महिने आमचं बोलणं नव्हतं. निरोप असला तर भावाभावांच्या फोनवरून यायचा.

पैसे मीच भरायचे असं मी ठरवलं. दोन्ही महिन्यांचे. नवरा म्हणाला, दुसऱ्या महिन्याचे तिने वापरलेत, तिला भरू दे. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण पत्र तिच्या दारात माझ्या बोलण्यामुळे गेलं होतं. मॅडमनी खटपट करून हप्ते पाडून घेतले. एवढं त्यांनी केलं.

लातुरात शिकवणीसाठी बाहेरगावची मुलं-मुली खूप राहतात. त्यांच्यासाठी गल्लोगल्ली खानावळी आहेत. अशा एका खानावळीत मला पोळ्या लाटायचं काम मिळालं. सकाळी सहाला जायचं, दुपारी सुटायचं, संध्याकाळी परत दोन तास. पहिल्या दिवशी खानावळवाल्याने नाव विचारलं. मी माझं नाव सांगितलं. त्याने ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं आणि त्यानंतर आजपर्यंत मला मावशी म्हणतो. तिथली डाळ प्लॅस्टिकच्या पाकिटातून येते. पाकीट फोडून सरळ पातेल्यात टाकतात. पहिल्यांदा मी ती ताटात घेऊन बघितली. काढण्यासारखं काही नव्हतं. परातीपाशी उभी असलेली बाई म्हणाली, "काय गं, सोनं शोधतीस का?" मी ताट रिकामं केलं.

मुलीची फी आणि सरकारचा हप्ता दोन्ही एकाच पगारातून जाऊ लागलं. कॉलेजने मुलीला मुदत दिली. सुट्टीच्या दिवशी ती एका दवाखान्यात जाऊ लागली, तिथून तिचा येण्याजाण्याचा खर्च सुटला. हप्ता भरायला मी बँकेत जायची. चलनावर भरणाऱ्याचं नाव म्हणून अक्काचं नाव लिहायला लागायचं. ते नाव माझ्या हाताला सवयीचं होतं. खिडकीतला माणूस कधी वर बघायचा नाही. पावती मी पिशवीत घालून आणायची आणि नवरा तिचा फोटो काढून नांदेडला भावाला पाठवायचा. तिकडून उत्तर यायचं नाही.

पहिल्या महिन्याचे पैसे पूर्ण झाले. दुसऱ्या महिन्याचेही निम्मे झाले. त्यानंतरच्या हप्त्याच्या दिवशी मी बँकेत रांगेत उभी होते. बाकावर अक्का बसलेली दिसली. आधी मला वाटलं भास झाला. ती उठून माझ्याजवळ आली. केस पिकले होते, सात महिन्यांत पिकावेत त्याहून जास्त.

"घरी गेले हुते," ती म्हणाली. "पोरगी म्हणाली, आई बँकेत."

मी कशी आलीस विचारलं. ती म्हणाली एसटीनं, दुसरं काय इमानानं? मला हसू आलं. तिला आलं नाही.

"किती राहिलंय?"

मी सांगितलं.

"सरक. पत्रे माझ्या घरावर हायती, तुझ्या न्हाई."

मी म्हटलं की आजचा हप्ता मी आणला आहे. तो राहू दे पोरीला, असं ती म्हणाली आणि रांगेत माझ्या पुढे उभी राहिली. मोठ्या बहिणीपुढे मी कधी वाद घातला नव्हता, त्या दिवशीही घातला नाही. चलन मी लिहून दिलं, कारण तिचा चष्मा घरी राहिला होता. सगळी उरलेली रक्कम तिने एकदम आणली होती. कुठून आणली हे मी विचारलं नाही. तिच्या कानात नेहमीची सोन्याची फुलं नव्हती, तेवढं मला दिसलं.

मागच्या लोकांनी कुरकूर केली तरी तिने नोटा दोनदा मोजल्या. खिडकीतल्या माणसाने यंत्रात घालून परत मोजल्या, चलनावर शिक्का मारला आणि अर्धा तुकडा फाडून बाहेर सरकवला. अक्काने तो माझ्या हातात दिला आणि काय लिहिलंय वाच, असं म्हणाली. मी वाचून दाखवलं की सगळी रक्कम जमा झाली, आता काही बाकी नाही.